तर्कभाषेंतील ‘पैकीं’

भाषा हें विचाराचें वाहन आहे, असें आपण नित्य म्हणतों. परंतु त्या वाहनाचा खडखडाट आंत बसलेल्या विचाराच्या कानांत किती शिरतो, याचा हिशेब आपण क्वचितच करितों. जगांतील बोलभाषा व्यवहाराच्या गरजेनें वाढल्या. त्या कोणी आंखणी करून बांधल्या नाहींत. यामुळें एका वाक्यांतून दोन अर्थ निघणें, किंवा दोन निरनिराळे अर्थ एकाच क्रियापदाच्या आश्रयास येणें, हें त्यांत पदोपदीं घडतें. जिच्यांत वाक्याची रचना एकाच रीतीनें लागेल अशी भाषा मुद्दाम घडवावी, ही इच्छा म्हणूनच विद्वानांस वेळोवेळीं झाली आहे. या इच्छेचें अगदीं अलीकडील आणि अत्यंत पद्धतशीर फळ म्हणजे ‘लोझ्बान’ नांवाची तर्कभाषा होय. जॉन कोवन यांनीं १९९७ सालीं तिचें समग्र व्याकरण प्रसिद्ध केलें व २०१६ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. या सबंध ग्रंथाचें परीक्षण करण्याचा आमचा येथें हेतु नाहीं. ‘अमुक वस्तु अमुक समूहांतील आहे’ एवढाच अर्थ सांगण्याची सोय या भाषेनें कशी लाविली आहे, ती कितपत साधली आहे, आणि तोच अर्थ आपली मराठी कसा सांगते, एवढाच प्रश्न आम्हीं पुढें घेतला आहे. प्रश्न लहान दिसतो खरा. पण गणित, न्यायशास्त्र आणि गांवच्या जमिनीचें दप्तर या तिघांचा तो सामाईक उंबरठा आहे.

प्रथम या भाषेचें कुळ सांगितलें पाहिजे. जेम्स कुक ब्राउन या अमेरिकन पंडितानें १९५५ सालीं ‘लॉगलान’ नांवाच्या भाषेस आरंभ केला, आणि १९६० सालीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकांतून तिची जगाला ओळख करून दिली. मनुष्याचा विचार त्याच्या भाषेच्या सांच्यांत घडतो काय, हें पाहण्यासाठीं एखादी अगदीं वेगळ्या सांच्याची भाषा हातीं असावी, हा त्याचा उद्देश होता. पुढें भाषेच्या मालकीवरून मतभेद झाला, आणि १९८७ सालीं निराळ्या झालेल्या अनुयायांनीं नवीन शब्दसंग्रह रचून ‘लोझ्बान’ सिद्ध केली. तिचे सुमारें साडेतेराशें धातु चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांतील ध्वनींचा मेळ घालून बनविलेले आहेत. आणि तिच्या वाक्यरचनेचे नियम संगणकयंत्राकडून तपासून घेतलेले आहेत. हिंदीच्या द्वारें आपल्या कुळाचाहि अंश त्यांत उतरला आहे, म्हणून मराठी वाचकानें तिला अगदींच परकी मानण्याचें कारण नाहीं.

आतां मूळ अडचणीकडे वळूं. ‘आहे’ हें क्रियापद दिसण्यांत एक, परंतु तें किमान तीन कामें करतें. ‘गोविंदा शेतकरी आहे’ येथें एक व्यक्ति एका वर्गांत घातली आहे. ‘देवमासा सस्तन प्राणी आहे’ येथें एक सबंध वर्ग दुसऱ्या मोठ्या वर्गांत घातला आहे. ‘समोर उभा आहे तोच गोविंदा आहे’ येथें वर्गाचा प्रश्नच नाहीं. एकाच व्यक्तीच्या दोन ओळखी जुळविल्या आहेत. जर्मन तत्त्वज्ञ फ्रेगे यानें १८९२ च्या आपल्या निबंधांत या गोष्टींची फोड करून दाखविली. त्याच्या तीनच वर्षें आधीं, १८८९ सालीं, इटालियन गणिती पेआनो यानें घटकत्व दाखविण्यासाठीं एक स्वतंत्र चिन्ह योजिलें होतें. तें म्हणजे ग्रीक भाषेंतील ‘आहे’ या अर्थाच्या शब्दाचें आद्याक्षर! आज आपल्या शाळांतील मुलें संचाच्या पाठांत जें वळणदार चिन्ह काढतात, तें मुळांत ‘आहे’ या क्रियापदाचाच संन्यास घेतलेला अवतार आहे. हाच पेआनो पुढें १९०३ सालीं लॅटिन भाषेचीं रूपें गाळून एक सुलभ कृत्रिम भाषा रचूं लागला, हा योगायोग नव्हे. ज्याला ‘आहे’ची गडबड एकदां दिसली, त्याला सबंध भाषाच पुन्हा बांधावी असें वाटणें स्वाभाविक आहे.

लोझ्बाननें या गडबडीवर जो उपाय केला आहे तो मोठा धीट आहे. तिनें वर्गवाचक ‘आहे’ समूळ काढून टाकिलें. तिच्यांत ‘शिप्नि’ म्हणजे ‘पक्षी’ असें नाम नसून ‘पक्षी असणें’ असा धातु आहे; म्हणून ‘ति शिप्नि’ एवढें म्हटलें कीं ‘हा पक्षी आहे’ असा अर्थ पुरा होतो. ऐक्य सांगण्यासाठीं ‘दु’ असा वेगळा शब्द आहे. आणि समूहाचें घटकत्व उघडपणें सांगावयाचें झाल्यास ‘श्मिमा’ असा तिसराच धातु आहे. ‘ति श्मिमा लोहि शिप्नि’ म्हणजे ‘हा पक्ष्यांच्या संचाचा घटक आहे’. पहिल्या आणि या वाक्याची सत्यता एकच. पण पहिल्यांत जगांत फक्त एक पक्षी आहे, आणि दुसऱ्यांत पक्षी अधिक एक ‘संच’ अशा दोन वस्तु आहेत. हा भेद भाषेंतच दिसावा, ही या व्याकरणाची पहिली थोरवी होय.

दुसरी थोरवी उपपदांत आहे. ‘लो शिप्नि’ म्हणजे खरोखर पक्षी असलेली व्यक्ति वा व्यक्ती. ‘लोइ शिप्नि’ म्हणजे पक्ष्यांचा एकत्र घेतलेला थवा, जो एकजुटीनें एखादें काम करतो. आणि ‘लोहि शिप्नि’ म्हणजे पक्ष्यांचा संच, जो केवळ गणितांतील वस्तु आहे. थवा शेत फस्त करील, पण संच एक दाणाहि टिपणार नाहीं. संचाविषयीं फार तर तो केवढा आहे व त्यांत कोण आहे एवढेंच बोलतां येतें. ‘आणि’ या शब्दाचेहि असेच विभाग केले आहेत: ‘जोइ’नें जोडलेले दोघे एकजूट होतात, ‘शे’नें जोडलेले संचाचे घटक होतात, आणि ‘शेहो’नें जोडिल्यास त्यांचा क्रमहि अर्थांत धरावा लागतो. ‘गोविंदानें आणि विष्णूनें पालखी उचलली’ या आपल्या वाक्यांत दोघांनीं मिळून एकदां उचलली कीं प्रत्येकानें वेगळी उचलली, हें संदर्भावरून ताडावें लागतें. लोझ्बानींत तें ताडावें लागत नाहीं. बोलणाऱ्यास आधींच ठरवावें लागतें. भाषेनें वक्त्यावर घातलेली ही सक्ति आम्हांस स्तुत्य वाटते.

परंतु येथेंच दोषांसहि आरंभ होतो. पहिला दोष असा, कीं ज्या धातूवर हें सर्व घटकत्व उभें, त्याची व्याख्याच सैल आहे. ‘श्मिमा’चा अर्थ देतांना शब्दकोशानें ‘संचाचा घटक असणें’, ‘गटाचा असणें’ आणि ‘समुदायांत असणें’ हे तिन्ही अर्थ एका ओळींत बसविले आहेत. ज्या भेदासाठीं उपपदांची एवढी उभारणी केली, तो धातूच्या व्याख्येंत पुन्हा पुसला गेला. दुसरा दोष याहून गंभीर आहे. निवड करणें, अनेकांत श्रेष्ठ असणें, परस्परांशीं व्यवहार करणें, अशा अगदीं घरगुती अर्थांच्या धातूंनाहि मूळ व्याकरणांत संचाची अपेक्षा लाविली आहे. म्हणजे ‘या आंब्यांतून एक निवड’ असें मुलास सांगावयाचें, तर निवड आंब्यांच्या संचांतून करावयाची! आंबा पाटींतून निवडला जातो, राशींतून निवडला जातो. ज्याला वास नाहीं, वजन नाहीं अशा गणिती वस्तूंतून आजपर्यंत कोणीं आंबा उचलला आहे? ‘दोघे भाऊ परस्परांवर रागावले’ या वाक्यांत रागावणारे भाऊ आहेत, भावांचा संच नव्हे. गणिताचें सोवळें स्वयंपाकघरांत आणल्यावर जें होतें, तें येथें झालें आहे.

हा दोष त्या भाषेच्या अभ्यासकांच्याहि लक्षांत आल्यावांचून राहिला नाहीं. २००० नंतरच्या दशकांत उपपदांची फेरमांडणी झाली. ‘लो’ हें उपपद अधिक सामान्य करण्यांत आलें, आणि पुष्कळ बोलणारे संचाऐवजीं साध्या अनेकवचनानेंच काम भागवूं लागले. या वळणामागें एक मोठा तात्त्विक विचारहि आहे. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलोस यानें १९८४ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं अनेक वस्तूंविषयीं एकदम बोलण्यासाठीं त्या सर्वांना पोटांत घेणारी आणखी एक वस्तु मानण्याचें कारण नाहीं; अनेकवचन हेंच तर्कशास्त्राचें पुरेसें साधन आहे. ‘हे त्यांतले’ हा संबंध मूळचाच मानला, म्हणजे बराचसा संच अनावश्यक ठरतो.

येथें आपल्याकडील शास्त्रकारांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. नव्यन्यायाची परिभाषा हीहि संस्कृताच्या पोटांत घडविलेली एक तर्कभाषाच आहे. तिचा पसारा पाहावयाचा असेल त्यानें महामहोपाध्याय भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ उघडावा. तो प्रथम मुंबईस १८७५ सालीं निघाला, व वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनीं शोधिलेली त्याची आवृत्ति पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९२८ सालीं प्रसिद्ध केली. नैयायिक ‘गोविंदा मनुष्यांच्या संचांत आहे’ असें म्हणत नाहीं. ‘गोविंदांत मनुष्यत्व आहे’ असें म्हणतो. म्हणजे दिशाच उलट! आधुनिक गणित व्यक्तीला वर्गांत ठेवतें, न्याय वर्गधर्माला व्यक्तींत ठेवतो. ‘त्व’ हा एक प्रत्यय आणि सप्तमी विभक्ति एवढ्या सामग्रीवर त्यानें हें सर्व साधलें. ‘दोन’ ही संख्या एकेका घटांत नसून दोहोंत मिळूनच पुरी होते, हें सांगण्यासाठीं ‘पर्याप्ति’ नांवाचा संबंधहि त्यानें मानला. लोझ्बानीच्या ‘जोइ’चें तें थोरलें भावंड शोभेल.

त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट उदयनाचार्यांच्या जातिबाधकांची. कोणत्या धर्मास जाति म्हणूं नये, याचीं सहा कारणें त्यांनीं दिलीं आहेत. व्यक्ति एकच असेल तेथें जाति नाहीं, म्हणून आकाशत्व ही जाति नव्हे. आणि जातीवर पुन्हा जाति मानिल्यास अनवस्था होते, म्हणून तीहि नाहीं. याउलट गणितांत एकाच घटकाचा संच व तो घटक हे भिन्न मानितात, आणि संचांचेहि संच करितात. ही मोकळीक किती महाग पडते तें बर्ट्रांड रसेलला १९०१ सालीं दिसलें: जे संच स्वतःचे घटक नाहींत अशा सर्व संचांचा संच स्वतःचा घटक आहे कीं नाहीं, या प्रश्नाचें ‘होय’ आणि ‘नाहीं’ हीं दोन्ही उत्तरें स्वतःसच खोडतात. यावरून रसेलचा शोध आमच्या पूर्वजांस ठाऊक होता, अशी आरोळी मात्र कोणी ठोकूं नये. उदयनाचार्यांची भीति अनंत परंपरेची होती, विरोधापत्तीची नव्हे. परंतु वर्गांचे वर्ग करण्यापूर्वीं थबकलें पाहिजे, ही सावधगिरी दोन्हीकडे सारखी आहे. लोझ्बानीचें व्याकरण तेथें थबकत नाहीं. रसेलचें तें वाक्यहि तिच्यांत निर्दोष रचतां येतें. रचना निःसंदिग्ध झाली म्हणजे विचार निर्दोष झाला असें नव्हे, हा धडा तर्कभाषेच्या भक्तांनीं गांठीं बांधण्यासारखा आहे.

आतां मराठीची तपासणी करूं. आपली भाषा ‘आहे’च्या घोटाळ्यांत अगदींच असहाय आहे असें नाहीं. ‘हा कावळा काळा आहे’ आणि ‘कावळा काळा असतो’ यांत क्रियापदच बदलतें. पहिलें व्यक्तीचें, दुसरें जातीचें. ऐक्यासाठीं ‘म्हणजे’ आहे. ‘मीठभाकर’, ‘भाजीपाला’ असले समाहार द्वंद्व समास एकजूट दाखवितात, इतकेंच नव्हे तर न सांगितलेल्या सजातीय वस्तूंनाहि पोटांत घेतात. आणि घटकत्वासाठीं आपल्यापाशीं एक अप्रतिम शब्दयोगी अव्यय आहे, तें म्हणजे ‘पैकीं’. ‘या मुलांपैकीं एक’, ‘या मुलांपैकीं दहा’. येथें मुलेंच आहेत. मुलांचा संच नांवाची निराळी वस्तु नाहीं. बूलोसनें जो संबंध मूळचा मानावा म्हणून युक्तिवाद केला, तो आपल्या घरांतील बाई भाजी निवडतांना दिवसांतून दहा वेळां उच्चारते.

‘पैकीं’ आणि सप्तमीचा ‘त’ यांतील भेद एका जवळच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. तळोजें पनवेल तालुक्यांत आहे; पनवेल तालुका रायगड जिल्ह्यांत आहे; म्हणून तळोजें रायगड जिल्ह्यांत आहे. हें अनुमान बिनचूक. आतां ‘त’च्या जागीं ‘पैकीं’ घालूं. तळोजें हें पनवेलच्या गांवांपैकीं एक. पनवेल हा रायगडच्या तालुक्यांपैकीं एक. म्हणून तळोजें रायगडच्या तालुक्यांपैकीं एक! तळोज्याच्या लोकांस यांत आनंद होईल, पण अनुमान खोटें आहे. कारण ‘त’ हा अंशाचा संबंध सांगतो, आणि अंशाचा अंश हा अंशच असतो. ‘पैकीं’ मात्र मोजण्याचें परिमाण कोणतें तें आधीं विचारतें. ‘पनवेल’ हें एक नाम आणि ‘पनवेलचीं गांवें’ हें अनेकवचन हीं एक वस्तु नव्हेत. शाळेंत मुलें ‘घटक’ आणि ‘उपसंच’ यांत जी चूक हटकून करितात, ती हीच.

तथापि ‘पैकीं’चा दुसरा चेहराहि पाहिला पाहिजे, आणि तोहि तळोज्यासच नीट दिसतो. सरकारी दप्तरांत तळोजें मजकूर आणि तळोजें पांचनंद अशीं दोन गांवें आहेत. ‘मजकूर’ म्हणजे ‘वर उल्लेखिलेलें’! त्यांत औद्योगिक क्षेत्राचें तळोजें आणि सिडकोच्या वसाहतीचें तळोजें यांची भर पडली. तेव्हां ‘तळोज्यास राहतों’ असें कोणी म्हटलें, तर ‘तळोज्यांपैकीं कोणत्या?’ असें विचारणें हें चेष्टा नसून तर्कशास्त्र आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या बाजूंच्या ९५ गांवांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. या भागांतील घरोघरच्या कागदांत एक शब्द पुनःपुन्हा भेटतो: ‘सर्व्हे नंबर अमुक पैकीं’. येथें ‘पैकीं’ घटक दाखवीत नाहीं, तुकडा दाखवितें. एकवचनी अथवा राशिवाचक नामापुढें तें अंशवाचक होतें, अनेकवचनापुढें घटकवाचक; म्हणजे लोझ्बानींत जें काम उपपद करतें, तें मराठींत वचन करतें. नियम सुंदर आहे. परंतु ‘पैकीं दहा गुंठे’ एवढेंच लिहिलें असतां ते दहा गुंठे रस्त्याकडचे कीं ओहोळाकडचे, हें कोण सांगणार? एक सरकारास गेले, एक भावाकडे राहिले, आणि ‘पैकीं’ मात्र दोघांच्याहि कागदावर तेंच. पोटहिश्श्याची मोजणी झालेली नसेल, तर या एका अव्ययावर दोन पिढ्या भांडूं शकतात. लोझ्बानी येथें आली तर ती एवढेंच करील, कीं घटक आणि अंश यांस निरनिराळीं रूपें देईल. सीमा दाखविण्यास तिलाहि मोजणीदारच बोलवावा लागेल.

मग संच सर्वथा निरुपयोगीच काय? नाहीं. अनेकवचनाला दोन गोष्टी साधत नाहींत. एक तर जेथें कोणीच नाहीं तेथें ‘पैकीं’ची गति खुंटते, ‘या गांवांतील हत्ती’ म्हणावें तर हत्तीच नाहींत, पण त्यांचा संच रिक्त आहे हें गणितास सांगावें लागतें. दुसरें, समूहांचेच समूह करून त्यांवर पुन्हा विचार करावयाचा, तर प्रत्येक समूहास एक वस्तु मानणें भाग पडतें. गणिताचा इमला यांवरच उभा आहे. म्हणून ‘संच’ हा शब्द गणितांत राजा असावा, आणि घरीं त्यानें पाहुण्यासारखें असावें, असें आमचें मत आहे. लोझ्बानीच्या पहिल्या व्याकरणानें त्याला घरांतहि कारभारी नेमलें, हा तिचा दोष. आणि तो अनुभवानें ओळखून सैल केला, हा तिच्या उपासकांचा गुण.

आपल्यापुरता या परीक्षणाचा निष्कर्ष निराळा आहे. माध्यमिक शाळांतून संचाचा पाठ शिकविला जातो, तेव्हां घटकत्वाचें चिन्ह फळ्यावर काढून ‘चा घटक आहे’ असें वाचावयास सांगतात, आणि अर्थ त्या चिन्हांतच आहे अशी मुलांची समजूत होऊं देतात. त्याऐवजीं शिक्षकानें ‘पैकीं’पासून आरंभ करावा, ‘पैकीं’ आणि ‘त’ यांचीं वाक्यें मुलांकडून जुळवून व मोडून घ्यावीं, ‘आहे’ आणि ‘असतो’ यांची निवड कां होते तें विचारावें, आणि मग चिन्हास हात घालावा. तर्कशास्त्रास मराठी अपुरी पडते, अशी तक्रार इंग्रजी शिकलेल्या आम्हां मंडळींत फार दिवस चालत आली आहे. परक्यांनीं यंत्राकडून तपासून बांधलेल्या भाषेस जो भेद उपपदांच्या जाळ्यानें साधावा लागला, तो आपल्या मातृभाषेंत एका अव्ययानें आणि वचनाच्या नियमानें बराचसा साधलेला आहे. उणीव आहे ती आपल्या लक्षाची. लोझ्बानीचें व्याकरण वाचून कोणी ती भाषा बोलूं लागेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु तें वाचल्यावर मराठींतील ‘आहे’ आणि ‘पैकीं’ पूर्वीसारखीं निष्काळजीपणें वापरणें जिज्ञासु वाचकास कठीण जाईल. एका व्याकरणग्रंथाकडून याहून अधिक फळाची अपेक्षा करणें योग्य होणार नाहीं.